लवूचं लवणं

माझ्या नाटकात एकच माणूस मरायचा होता, आणि नेमका तोच मरेना.

नाटकाचं नाव 'छातीचा कोट'. तीन अंकी, स्त्रीपात्रविरहित, लेखक, दिग्दर्शक आणि प्रॉम्प्टर मीच. सत्तावन्न साल होतं. गणपती महिन्यावर आले होते आणि लालबागच्या आमच्या चाळीच्या मंडळाने ठरवलं होतं की यंदा पौराणिक काही नको, संयुक्त महाराष्ट्रावर हवं. मी गिरणीत हजेरी खात्याचा कारकून. सकाळी फाटकाशी बसून कोण आला आणि कोण नाही याच्या खुणा करायच्या, हे माझं काम. पण चाळीत सगळे मला नाना लेखक म्हणत, कारण अख्ख्या चाळीचे रजेचे अर्ज मी लिहायचो, आणि त्यात निदान तीस जणांच्या आज्या मी दोन-दोनदा मारल्या होत्या. एक नायक मारणं मला जड जाईल असं वाटलं नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात नायक शिवराम पोलिसांच्या बंदुकीसमोर सदऱ्याची बटणं तोडून उभा राहतो आणि म्हणतो, "झाडा गोळी. ज्याला मरणाचा अर्थ कळला, त्यालाच जगण्याचा अर्थ कळला." हे वाक्य मी तीन रविवार घासत होतो. मग गोळी, मग "मुंबई" एवढाच शब्द, मग कोसळणं, मग पडदा. बायका रडणार, पुरुष टाळ्या वाजवणार, सगळं माझ्या डोळ्यांसमोर तयार होतं.

शिवराम कोणाला द्यायचा यावर वाद चालू असताना लवू घाडी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. लवू आमच्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामावर होता. उंच, सडपातळ, चाळिशीचा, सहसा कोणाच्या अध्यात न मध्यात.

"नाना, तो मरणारो माणूस माका द्या."

"आधी कधी काम केलंयस?"

"गावाक दशावतारात एकदा पेटारो उचललंय."

मी हसणार होतो, पण त्याचा चेहरा बघून हसलो नाही. त्याला आत बसवलं, चहा दिला. मग तो जे बोलला ते सगळ्या चाळीला अर्धंमुर्धं माहीत होतं. त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. छप्पन्नच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं रेडिओवर कळल्यावर माणसं रस्त्यावर उतरली आणि गोळ्या सुटल्या, तेव्हा लवू गर्दीत पार पुढे होता.

"पयलो आवाज झालो नि मी वाकलंय," तो म्हणाला. "मगे डोळे उघडलंय ते घरात, खाटल्याखाली. कसो इलंय, माका ठावक नाय. चपला थंयच रवली. माझ्या बाजूक एकजण उभो होतो, तो काय उठलो नाय. तेचा नाव आता लोक हात जोडून घेतत. माझा नाव घेतत तेव्हा हसतत."

हसायचे हे खरं होतं. त्याचं नावच लवू, आणि लवणे म्हणजे वाकणे, त्यामुळे चाळीतल्या टवाळांना विनोद शोधत लांब जावं लागलं नव्हतं. 'लवू लवला' हे जिन्यात, नळावर, पानाच्या गादीवर सगळीकडे ठरलेलं होतं. दीड वर्ष तो ते ऐकत होता.

"सोळा वरसां धोतरां विणतंय, नाना. उद्या मेलंय तर माझ्यामागे काय रवतला? धोतरां. तीपण दुसऱ्यान नेसलेली. माणसान एकदा तरी कशापुढे तरी ताठ उभा रवाक होया. खऱ्याक नाय जमला, तर खोट्याक तरी."

मी त्याला शिवराम दिला. मोठ्या मनाने दिला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते आता लिहून टाकतो, कारण ते लपवून ही गोष्ट सांगणं म्हणजे नुसती लबाडी होईल. त्या जानेवारीत गोळीबार सुरू झाला तेव्हा मी मसाला कुटण्याच्या डंकात शिरलो होतो आणि दोन तास मिरचीच्या पोत्यांमागे शिंका दाबत बसलो होतो. बाहेर आलो तेव्हा डोळे लालभडक आणि नाकातोंडातून धारा. चाळीने समजून घेतलं की मी अश्रुधुरातून आलो. मला खुर्ची दिली, गुळपाणी दिलं. मी नको म्हटलं नाही. त्या डोळ्यांच्या जोरावरच मंडळाने नाटक माझ्याकडे दिलं होतं. लवू समोर बसून खरं बोलत होता आणि मी त्याला जगण्याचा अर्थ शिकवायला निघालो होतो.

तालमी तळमजल्यावरच्या गाववाल्यांच्या खोलीत सुरू झाल्या. इन्स्पेक्टरचं काम सीतारामकडे. तो रंगखात्यातला, आडवा माणूस, मिशा स्वतःच्या. बंदूक सुताराने केलेली. आवाजाचा मात्र प्रश्न होता, कारण मंडपाचं कापड पेटेल म्हणून फटाक्याला बंदी होती. तो आनंदा नावाच्या गड्याने सोडवला. आनंदा घडीखात्यात कापडाच्या घड्या मोजायचा. त्याने गिरणीच्या भंगारातून एक जुना धोटा आणला. धोटा म्हणजे विणायच्या साच्यात बाण्याचं आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, दीड वीत लांब, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. आनंदाने तो फळीवर असा काही आपटला की कोरडा, कडक 'ठक्' निघाला आणि सीताराम स्वतःच बंदूक बघायला लागला. मी आनंदाची पाठ थोपटली.

लवूने पाठांतर चोख केलं होतं. सदरा दोन्ही हातांनी ओढला, छाती काढली, आणि मालवणी हेल जमेल तेवढा गिळून "झाडा गोळी" असं काही म्हणाला की माझ्या अंगावर काटा आला. सीतारामने नेम धरला. ठक्.

शिवराम दिसेना. तो कमरेत मोडून जमिनीला लागला होता आणि दोन्ही हात डोक्यावर होते.

"परत," मी म्हटलं.

परत ठक्, परत शिवराम जमिनीला. त्या दिवशी आम्ही अकरा वेळा केलं आणि अकराही वेळा हुतात्म्याने गोळी चुकवली. सीताराम म्हणाला की असा हुतात्मा असेल तर सरकार कायमचं टिकेल.

मग उपाय सुरू झाले. लवूला झेंड्याच्या खांबाला बांधून बघितलं. तो खांबासकट वाकला आणि खांब सीतारामच्या पायावर पडला. सदऱ्याच्या आत पाठीला बांबूची पट्टी बांधली. तो वाकला नाही, पण सरळच्या सरळ पुढे आडवा झाला, गोळी सुटायच्या आत. मी समजावलं, रागावलो, शिवरामची भूमिका सीतारामला देईन अशी धमकी दिली. ती धमकी त्याला लागली. तो दुसऱ्या दिवसापासून आनंदाला घेऊन गच्चीवर जाऊ लागला. आनंदा मागून फळी वाजवायचा आणि लवू दात आवळून उभा राहायचा प्रयत्न करायचा. पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी तालमीत ठक् झालं आणि लवू हलला नाही. नुसते डोळे मिटले. मग "मुंबई" म्हणाला आणि इतका सुंदर कोसळला की आम्ही टाळ्या वाजवल्या. लवू जमिनीवर पडूनच हसत होता. इतकं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गिरणीतून लवकर घरी आला. कपाळाला पांढरी पट्टी, चार टाके.

"नाना," तो जिन्यातूनच ओरडत आला, "धोटो उडालो नि मी उभो रवलंय. सगळे वाकले. मी एकटो उभो."

मी हे लिहायला नको, पण लिहितो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ती पट्टी शेवटच्या प्रवेशात फार छान दिसेल.

अर्ध्या तासात त्याची बायको शेवंती माझ्या दारात आली. ती त्याच गिरणीत सुताच्या नळ्या भरायच्या कामावर. कमरेला पदर खोचलेला. बसा म्हटलं तर बसली नाही.

"नाना, तुमी तेका मरूक शिकवा, माझी हरकत नाय. पण वाकूचा इसरूक शिकवू नका."

मी काहीतरी कलेबद्दल बोललो.

"कलेक साचे चालवूचे नसतत," ती म्हणाली. "तुमी फाटकाशी बसतात. आत कधी येऊन बघितलात? साचो लयीत चलता. धोटो उडूच्या आधी एकच आवाज येता, ठक्. तो ऐकून जो वाकता, तो सांजेक घराक येता. राजाराम वाकलो नाय, तेचो एक डोळो गेलो. माझ्या घोवाक विचार करून वाकूचा लागत नाय, म्हणान तो जितो असा. आज धोटो आडवो लागलो. चोचीर लागलो असतो तर?"

आनंदाच्या फळीचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा कळला. गेले पंधरा दिवस आम्ही लवूच्या अंगातून त्याचा जीव वाचवणारी एकच गोष्ट खरवडून काढत होतो, आणि त्याला तालीम म्हणत होतो.

"जानेवारीत तो वाकलो म्हणान माझ्या कपाळार कुंकू असा," शेवंती म्हणाली. "तेका तेची लाज वाटता. माका नाय वाटत. मी त्या खाटल्याक हळदकुंकू लावलंय."

मी म्हटलं, मग शिवराम काढून घेतो. त्यावर तिचा आवाज खाली आला. "काढून घेऊ नका. दीड वरसान तो हसलोहा."

प्रयोग तीन दिवसांवर होता. नवा आवाज शोधायला वेळ नव्हता आणि आनंदा आपल्या फळीवर खूश होता. तोडगा शेवंतीनेच काढला. तिने नळ्यांच्या खात्यातून स्वच्छ कापूस आणला आणि दोन घट्ट बोळे वळले. लवूच्या कानात ते घातले की त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. ऐकूच आलं नाही तर वाकणार कसा, आणि वाकणं विसरायचीही गरज नाही. मरायची वेळ कळावी म्हणून मी विंगेतून लाल रुमाल हलवायचा, रुमाल दिसला की त्याने मरायचं. रंगीत तालमीत हे बिनचूक झालं. एवढंच की कानात बोळे असले की लवू घरातल्या माणसाशी बोलतानाही समोरच्या इमारतीला ऐकू जाईल असा बोलायचा. नाटकाला ते चांगलंच होतं.

रविवारी संध्याकाळी पाचला प्रयोग. मंडप फुटला होता. जाजमावर पाय ठेवायला जागा नाही, मागे माणसं खांबांना लटकलेली, गॅलऱ्यांतून बायका. पुढे खुर्च्या, मधल्या खुर्चीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे एक वयस्क कार्यकर्ते, गळ्यात हार. दुसऱ्या रांगेत शेवंती, नव्या लुगड्यात. आनंदाने आणखी एक अक्कल चालवली होती, ती मला शेवटपर्यंत सांगितली नव्हती. आवाज मागपर्यंत जावा म्हणून त्याने आपली फळी माईकच्या तोंडाशी ठेवली होती.

पहिले दोन अंक ठीक गेले. सीतारामची मिशी बघून पोरंटोरं ओरडली. तिसऱ्या अंकात लवू आला, कपाळाला पट्टी, आणि मंडप शांत झाला. कोणीतरी मागून "लवला रे" असं कुजबुजलं आणि चारदोन जण हसले. लवूला ऐकू आलं नाही. त्याने सदरा ओढला. तीन बटणं उडून पहिल्या रांगेत गेली.

"झाडा गोळी," तो गरजला. "ज्याला मरणाचा अर्थ कळला, त्यालाच जगण्याचा अर्थ कळला."

सीतारामने नेम धरला. आनंदाने धोटा फळीवर आपटला आणि कर्ण्यातून ते 'ठक्' अख्ख्या लालबागभर गेलं.

आता माझी चूक सांगतो. तालमीत साचेखात्यातला माणूस एकटा लवूच होता. सीताराम रंगखात्यातला, आनंदा घडीखात्यातला, मी फाटकावरचा. पण मंडपात कोण बसणार, हा विचार एवढं मोठं नाटक लिहिणाऱ्या माझ्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता. मंडपात सगळं साचेखातं बसलं होतं.

सातआठशे माणसं एका क्षणात खाली गेली. जाजम मोकळं दिसायला लागलं, नुसत्या पाठीच पाठी. खांबांना लटकलेले खाली पडले. मघाशी "लवला रे" म्हणणारा तर जाजमाखाली शिरला होता. समितीचे कार्यकर्तेही तरुणपणी साच्यावर होते असं मागाहून कळलं. ते हारासकट खुर्चीखाली होते. शेवंतीने शेजारणीचं डोकं दाबून तिलाही खाली घेतलं होतं. आणि विंगेत मी, ज्याने साचा धड पाहिलाही नव्हता, एवढी माणसं खाली जाताना पाहून समजलो की खरा गोळीबार झाला. मी बाजाच्या पेटीच्या टेबलाखाली गेलो. रुमाल कुठे पडला कोण जाणे.

आनंदा फळीपाशी बसलेलाच होता, त्यामुळे त्या सगळ्या मंडपात उभी माणसं दोनच. एक सीताराम, कारण आपण काय केलं हे त्याला कळेना. दुसरा लवू.

टेबलाखालून मला तो दिसत होता. तो छाती काढून रुमालाची वाट बघत होता. त्याने विंगेत पाहिलं. रुमाल नाही, मीही नाही. मग त्याने समोर पाहिलं आणि पाहतच राहिला. सीताराम दबक्या आवाजात मला विचारत होता, "नाना, अजून एक झाडू का?"

लवूने एका कानातला बोळा काढला. दुसरा काढायला गेला, तो निघेना. माणसं एकेक करून डोकं वर काढत होती, एकमेकांकडे बघत होती आणि परत खाली बघत होती. कोणी हसत नव्हतं. हसणार कोण कोणाला?

"उठा," लवू म्हणाला. माझ्या संहितेत हे नव्हतं. "उठा रे. काय झाला नाय. आनंदाचो धोटो तो."

कोणी उठलं नाही.

"मीपण त्या दिसाक असोच वाकलंय," तो म्हणाला. एका कानात बोळा असल्यामुळे तो ओरडूनच बोलत होता, आणि म्हणूनच शेवटच्या खांबापर्यंत शब्द न् शब्द गेला. "दीड वरस माका वाटला, मी एकटोच असो. माझ्या बाजूक जो होतो, तो काय मरूक इलो नव्हतो. तेका आवाज ऐकूक येवच्या आधी गोळी लागली. ऐकूक इलो असतो, तर तोपण वाकलो असतो. तेचापण घर होता. तेचीपण बायल वाट बघी होती."

मंडपात एक बाई रडायला लागली.

"तेव्हा घाबरून वाकलंय," लवू म्हणाला. "आता तेच्यासाठी वाकतंय." आणि त्याने हात जोडले आणि सावकाश, जमिनीला कपाळाची पट्टी लागेपर्यंत वाकला.

समोरच्या माणसांनी उठायचं सोडलं. जी अर्धी उठली होती ती परत खाली गेली, या वेळी हात जोडून. कार्यकर्ते खुर्चीखालीच होते, त्यांनी तिथूनच डोकं टेकवलं. सीतारामने बंदूक खाली ठेवली. मीही टेबलाखाली वाकलेलाच होतो. फक्त तोंड मंडपातल्या माणसांकडे केलं. पडदा ओढायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो तसाच उघडा राहिला.

शिवराम मेला नाही. माझं तीन रविवार घासलेलं वाक्य कोणाच्याही लक्षात राहिलं नाही. टाळ्यासुद्धा पडल्या नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. त्या संध्याकाळी मी लवूला मिरचीच्या पोत्यांची गोष्ट सांगितली. तो दुसऱ्या कानातला बोळा कोरत ऐकत होता. मग म्हणाला, "शिंक कशी दाबलात?" मी त्याला नाक धरून दाखवलं.

सोमवारी सकाळी पहिला भोंगा झाला आणि मी नेहमीप्रमाणे निघालो. लवूच्या खोलीचं दार उघडं होतं. तो डबा घेऊन उंबऱ्यात उभा, आणि शेवंती त्याच्या कानात केसातला आकडा घालून काहीतरी कोरत होती. दुसरा बोळा तिने पहाटे कसाबसा काढला होता, पण आत कापूस राहिला असेल अशी तिला शंका होती.

"ऐकूक येता मा?"

"येता गो. दहा वेळा सांगितलंय. भोंगो झालो."

"भोंगो बहिऱ्याकपण ऐकूक येता," ती म्हणाली. तिने आकडा परत केसात खोचला, त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि "जावा" म्हणाली. लवू पाठ फिरवून दोन पावलं गेला. शेवंतीने मागून पोळपाट उचलला आणि लाटण्याने त्यावर एक सणसणीत ठोका दिला.

लवू डोक्यावर हात घेऊन थेट जमिनीला.

शेवंती हसली नाही. तिने त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, डबा परत त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता जावा कामार."